खाटा मोजणारा डोळा

यंत्रानं सेवंतीभाभीला लाल दिवा दाखवला आणि खाट नाकारली. एका दमात. एका हातानं सांगितलं, बाई, तुझ्या जिवाला धोका आहे. दुसऱ्या हातानं दार लावून घेतलं.

बिजली वसावे त्या शनिवारी आश्रमशाळेतून घरी आली होती. दहावीतली पोर. नुकतीच तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माईकवर बोलून आली होती आणि तेव्हापासून तिचा आवाज जो एक पट्टी वर चढला होता तो खाली उतरायला तयार नव्हता. मोरखडी पाड्याची चढण ती पळत चढली. अंगणात भाभी बसली होती, पाय भोपळ्यासारखे सुजलेले, आणि आशाताईंनी आणलेलं तंबाखूच्या डबीएवढं यंत्र तिच्या मांडीवर लाल डोळा वटारून बसलं होतं. उंबऱ्याशी बिजलीचा भाऊ दिलवर एक लांब बांबू तासत होता. कशाला, हे बिजलीनं विचारलं नाही. तो झोळीचा दांडा होता. पाड्यावरून गाडीरस्त्यापर्यंत आजारी माणूस न्यायचं तर चादरीची झोळी दांड्याला बांधायची आणि खांद्यावर घ्यायची. गेल्या वर्षी शेजारची गुलाली त्याच वाटेनं निघाली होती. झटके येत होते तिला. नाल्याच्या अलीकडेच झोळी हलायची थांबली. दिवा तिचाही लाल होता.

ह्या दिव्यामागचं शास्त्र बिजलीला तोंडपाठ होतं. प्रदर्शनात तिनं तेच मांडलं होतं. आई आणि बाळ ह्यांच्या मध्ये वार असते. बाळाचं खाणं, पिणं, श्वास, सगळं तिच्यातून. ही वार गप्प बसत नाही. दिवसरात्र ती आपल्या पेशींतल्या निरोपांचे बारीक बारीक तुकडे आईच्या रक्तात सोडत असते. पूर्वी ते कुणाला वाचता यायचे नाहीत. आता बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब पुरे. वार नीट रुजली नसेल तर तिचे निरोप बदलतात, आणि डोकं दुखायच्या, डोळ्यांपुढं अंधारी यायच्या, रक्तदाब चढायच्या कितीतरी आठवडे आधी यंत्राला कळतं की ह्या बाईला पुढं झटके येणार. बिजलीनं माईकवर म्हटलं होतं, "आता कुठलीही आई अचानक मरणार नाही." टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या तिला आता कानफटात बसल्यासारख्या वाटल्या. अचानक मरणार नाही, खरंच. आता सगळ्यांना आधी कळवून मरणार.

कारण दिवा सगळ्यांना मिळाला होता, खाट नाही. धोक्यातल्या बाईनं दिवस भरायच्या आधीच तालुक्याच्या दवाखान्यात येऊन राहायचं, असा नियम होता. पण खाटा थोड्या. त्या कुणाला द्यायच्या हे ठरवायला राजधानीत एक मोठं यंत्र बसवलं होतं. त्याचं नाव ओंजळ. खाट मिळाली तर इंजेक्शन, रक्त, जेवण, नर्स, सगळं ओंजळ पाठवायची. खाट नसेल तर त्या दवाखान्यात बाई आणि भिंत सारखीच.

सोमवारी बाजाराचा दिवस. बिजलीनं शाळेला दांडी मारली आणि तडक दवाखाना गाठला. तिथल्या ढोले सिस्टर म्हणजे तिखट बाई. बिजली बोलायला लागल्यावर त्यांनी आधी तिला पूर्ण ओरडून घेऊ दिलं, मग म्हणाल्या की झालं असेल तर इकडं बघ, आणि पडदा तिच्याकडं वळवला. सेवंती दिलवर वसावे. धोका: फार मोठा. येण्याची शक्यता: नगण्य.

"येण्याची शक्यता म्हणजे काय?"

"म्हणजे खाट दिली तरी तुझी भाभी येईल का, ह्याचा अंदाज," सिस्टर म्हणाल्या. "धोका गुणिले शक्यता. ज्यांचा गुणाकार मोठा त्यांना खाट. तुमच्या पाड्यावरनं आजवर बाळंतपणाला कोण आलंय इथं?"

बिजलीला कुणी आठवेना. तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथंच. दहावीच्या पोरीला गुणाकार शिकवायला नको. धोका डोंगराएवढा असू दे, त्याला शून्याच्या जवळच्या आकड्यानं गुणलं की हातात येते धूळ. शहरातल्या बाईचा धोका मुगाच्या दाण्याएवढा, पण ती नक्की येणार, म्हणून तिची खाट पक्की. म्हणजे जे आधी आले त्यांनाच पुढं बोलावणं. जे आले नाहीत त्यांना कधीच नाही. आणि का आले नाहीत, हे विचारायची सोय त्या एवढ्या हुशार यंत्रात कुणी ठेवलीच नव्हती.

"आम्ही आजारी नाही असं नाही म्हणत ते," बिजली म्हणाली. "आम्ही येणार नाही म्हणतंय. न विचारताच."

"मग तू विचार," सिस्टर म्हणाल्या. "तोंड तर चांगलं चालतंय तुझं."

तिनं विचारलं. त्याच संध्याकाळी, मोहाची फुलं वेचून परतलेल्या बायांना ओट्यावर गाठून. आधी सगळ्या हसल्या. कुणी म्हणाली लांब पडतं, कुणी म्हणाली तिथं पुरुष डॉक्टर असतो, कुणी म्हणाली तिथले लोक आमच्याशी बोलताना नाक वर करतात. हे सगळं खरंच होतं, पण बिजलीला वाटलं अजून काहीतरी पोटात आहे. शेवटी हुनाबाय बोलली. हुनाबाय म्हणजे पाड्याची दाई. बिजली, दिलवर, गुलाली, सगळी तिच्याच हातावर पडलेली.

"तिथं वार फेकतात," ती म्हणाली. "पिवळ्या पिशवीत घालतात नि जाळतात."

ओटा एकदम गप्प झाला. मोरखडीत वार म्हणजे बाळाची जोडीदार. पोटात तिनं बाळाला सांभाळलं, मग बाहेर आल्यावर बाळाच्या माणसांनी तिला सांभाळायचं. अंगणाच्या उगवतीच्या कोपऱ्यात खड्डा करून तिला निजवायचं आणि वरची माती हलक्या हातानं दाबायची, कारण जशी माती दाबाल तसा पोराचा स्वभाव, असं हुनाबाय सांगायची. कित्येक वर्षांपूर्वी पाड्यावरची एक बाई तालुक्याला बाळंत झाली होती. तिला बाळ दिलं आणि वार दिली नाही. ते पोर पुढं तापानं गेलं. ताप कसला होता कोण जाणे, पण पाड्यानं तेव्हापासून दवाखान्याची पायरी सोडली. अगदी जिवावर बेतलं तरच झोळी.

बिजलीला हसावं की रडावं कळेना. ज्या वारेचे निरोप वाचून यंत्र चालतं, त्याच वारेपायी बाया येत नव्हत्या. तिला पाड्याचा राग आला नाही, ह्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. राग आला तो यंत्रं, पडदे, गुणाकार ह्यांचा. एवढा सगळा पसारा, आणि एवढ्या वर्षांत एकही माणूस एका म्हातारीच्या ओट्यावर येऊन बसला नव्हता.

पुढच्या बाजाराला तिनं ढोले सिस्टरना सरळ विचारलं. सिस्टर म्हणाल्या की बाईचं रक्त तपासलेलं आणि स्वच्छ असेल, घरच्यांनी स्वतः वार मागितली, तर घट्ट झाकणाच्या डब्यातून मी देईन. मला आजवर कुणी अडवलेलं नाही, कारण आजवर कुणी मागितलेलीच नाही.

त्याच्या पुढच्या बाजाराला मोरखडीतल्या सगळ्या पोटुशा बाया खाली उतरल्या. प्रत्येकीच्या काखेत एक स्टीलचा डबा. फाटकावरचा राखणदार म्हणाला की आत जेवण मिळतं, डबे कशाला आणले. हुनाबाय म्हणाली, तुझ्या जेवणाला नाही आणले, बाजूला हो. बायांनी तपासण्या केल्या, डबे सिस्टरना दाखवून झाकणं घट्ट बसतात का ते बघून घेतलं आणि बाजार करून घरी गेल्या. पुढच्या बाजारालाही आल्या. पडद्यावर मोरखडीचा आकडा हलला, मग चढला, आणि एका सकाळी भाभीच्या मांडीवरच्या डबीत लाल दिव्याशेजारी हिरवा दिवा लागला. खाट मिळाली.

दिलवरनं बांबू वळचणीला टाकला. बिजली अंगणात नाचली. आईनं तिला दटावलं, "बिजले, पाय मोडशील," आणि स्वतःच पदरात तोंड लपवून हसली.

शाळेत बिजली छाती काढून गेली. वर्गात तिनं सगळी कथा तिखटमीठ लावून सांगितली, यंत्राला कसं वळवलं त्याची. पोरी हसत होत्या. फक्त जेमा पाडवी हसत नव्हती. जेमा म्हणजे तिच्याच बाकावरची, तिच्या तेलाच्या बाटलीतलं तेल लावणारी, तिच्याच चपला घालून आंघोळीला जाणारी. डोंगरापलीकडच्या डाबपाणी पाड्याची. संध्याकाळी हातपंपावर बिजलीनं तिचा दंड धरला आणि काय झालं ते सांग म्हणाली.

"तुझ्या भाभीची खाट माझ्या रायलीची होती," जेमा म्हणाली.

रायली म्हणजे जेमाची थोरली बहीण. तिचाही दिवा लाल. डाबपाणीच्या बाया थोड्या तरी दवाखान्यात जात, म्हणून तिला खाट मिळाली होती. मोरखडीचा आकडा चढला तशी ती घसरली.

"मला काय माहीत," बिजली म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच पट्टीवरून खाली आला होता.

"कशाला माहीत असेल. तू नाचत होतीस ना." जेमानं कळशी उचलली. "छान केलंस. आता आम्ही डबे घेऊन जातो, तुमची खाट पाडतो. मग तुम्ही आमची पाडा."

त्या वाक्यानं बिजलीची झोप उडाली. आपण यंत्राला हरवलं असं तिला वाटत होतं. यंत्राला काय फरक पडला होता? त्याच्या ओंजळीत तेवढंच पाणी. ह्या बोटातून गळायचं ते त्या बोटातून गळलं. दोन उपाशी पाड्यांना एक भाकरी दाखवून झुंजवायचं, आणि वर त्याला न्याय म्हणायचं.

आठवड्यानं भाभी दवाखान्यात दाखल झाली. बिजली जेमाला जवळजवळ ओढतच तिथं घेऊन गेली. तिला एकच विचारायचं होतं, बाकीच्या खाटा कुठं आहेत. ढोले सिस्टरनी जिल्ह्याचा पडदा उघडला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हिरव्या चौकोनांची रांगच्या रांग. धोका जवळजवळ नाही, येण्याची शक्यता पुरेपूर. कुणी मुहूर्त काढून ठेवलेला, कुणी असू दे हाताशी म्हणून खाट धरून ठेवलेली. बाया अजून घरीच, खाटा रिकाम्या, आणि त्या रिकाम्या खाटांपाशी नर्सा, इंजेक्शनं, रक्ताच्या पिशव्या वाट बघत बसलेल्या.

"त्या इकडं नाही का येत?" जेमानं विचारलं.

"सामान खाटेमागं येतं बाई. आमच्याकडं खाटाच तेवढ्या." सिस्टरनी छताकडं बोट केलं. तिथं एक काळा काचेचा डोळा होता. रोज सकाळी तो वॉर्डातल्या खाटा मोजायचा आणि ओंजळीला कळवायचा. बोलता बोलता सिस्टरना हसू आलं. मागच्या पावसाळ्यात एक गंजकी खाट दुरुस्तीहून परत आली होती. कुणाला सांगायचं राहून गेलं, ती नुसती कोपऱ्यात उभी होती. पण डोळ्यानं मोजली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या नावाचं सामान ड्रोननं येऊन दारात पडलं.

बिजलीनं जेमाकडं पाहिलं. जेमा आधीच बिजलीकडं बघत होती. हातपंपावरच्या भांडणानंतर दोघींची नजर पहिल्यांदाच नीट भेटली.

"आमच्या घरी खाट आहे," जेमा म्हणाली. "सुंभाची."

"आमच्याही," बिजली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराच्या दोन अंगांनी दोन वराती उतरल्या. मोरखडीकडून दिलवर आणि त्याचे जोडीदार, तासलेल्या त्याच बांबूला खाट उलटी टांगून. डाबपाणीकडून रायली स्वतः खाटेवर बसलेली, चार खांद्यांवर, तोंड लाजेनं झाकून. बाजारातले लोक विचारत होते, लग्न कुणाचं. हुनाबाय सांगत होती, सरकारचं.

राखणदारानं ह्या वेळी काही विचारलं नाही, फाटक उघडून बाजूला झाला. वॉर्डाच्या मोकळ्या भिंतीला खाटा लागल्या, एक रायलीसाठी, एक पुढं येणाऱ्या लाल दिव्यासाठी. ढोले सिस्टरनी त्यांच्यावर धुतलेल्या चादरी ताणल्या आणि मी काही बघितलेलं नाही असं म्हणत औषधाच्या खोलीत गेल्या. छतावरचा डोळा फिरला, थांबला, मोजून पुढं गेला. दुपारच्या आत ड्रोन आले. मागून एक गाडी आली, तिच्यातून दोन नर्सा उतरल्या, बावरलेल्या. आम्हाला शहरातून का हलवलं म्हणून एकमेकींना विचारणाऱ्या. रायलीच्या सुंभाच्या खाटेशेजारी इंजेक्शनाचा ट्रे लागला. जेमानं तो एकदा बोटानं शिवून पाहिला.

आणि गाडीमागं साहेबही आले. निकुंभ साहेब म्हणजे जिल्ह्यातले ओंजळीचे मुख्य अधिकारी. शहरातल्या कुण्या घरानं तक्रार केली होती की आमच्या खाटेजवळची नर्स गेली. बिजलीच्या डोक्यात लाह्या फुटल्या. गुलाली नाल्याशी गेली तेव्हा कुणाची गाडी आली नव्हती. शहरातली रिकामी खाट जरा हलली, तर साहेब दुपारच्या जेवणाआधी हजर.

साहेब ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले की ह्या वस्तू बाहेर काढा.

"वस्तू नाहीत सर, खाटा आहेत," बिजली म्हणाली.

"तू कोण?"

"सेवंतीची नणंद."

"हे बघ बाळ, तुमची अडचण मला समजते. पण ही फसवणूक आहे. तुम्ही यंत्राला खोटी माहिती दिलीत."

बिजलीचा आवाज माईकवरचा निघाला. "मोजून घ्या सर. खाटा खऱ्या आहेत. इथल्या बायाही खऱ्या आहेत. आम्ही येणार नाही असं तुमचं यंत्र म्हणत होतं. ते खोटं होतं. त्याला कुणी फसवणूक म्हटलं नाही."

साहेब काही बोलणार इतक्यात मागं सुंभ करकरला. रायलीची मान मागं गेली होती, डोळे पांढरे, हात वाकडे. झटका. जेमा तिच्या नावानं हाका मारत खाटेवर पडली. ढोले सिस्टरनी तिला बाजूला सारलं, रायलीला कुशीवर केलं, ट्रेमधलं इंजेक्शन उचललं. सलाईनची बाटली टांगायला घोडा नव्हता. सुंभाच्या खाटेसोबत घोडा पाठवायचं ओंजळीला सुचलं नव्हतं. सिस्टरनी बाटली सरळ साहेबांच्या हातात दिली आणि वर धरा म्हणाल्या. साहेबांनी धरली. हात अवघडला तरी धरून राहिले. हळूहळू रायलीचे हात सैल झाले, श्वास संथ झाला. साहेबांच्या कपाळावर घाम होता आणि क्षणभर बिजलीला वाटलं, ह्या माणसाला कळलं.

रायलीला त्याच दिवशी मुलगा झाला. भाभीला दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी, चिमणीएवढी, पण रडणं असं की राखणदार आत डोकावून गेला. दोघी आया जगल्या.

आणि त्याच दुपारी पडद्यावर आदेश उमटला. ज्या हातानं सलाईन धरली त्याच हातानं पाठवलेला. ओंजळीच्या डोळ्याला नवीन शिकवण देण्यात आली आहे. ह्यापुढं सुंभाच्या, लाकडी आणि अन्य घरगुती खाटा मोजल्या जाणार नाहीत. दोन्ही नर्सा संध्याकाळच्या गाडीनं शहरात परत.

बिजली दारात उभी होती, हातात झाकण घट्ट बसवलेला डबा. रात्र तालुक्यालाच काढलेले साहेब गाडीकडं निघाले होते. तिच्याशी बोलावं असं त्यांना वाटलं असावं. सगळं सुखरूप झालं ना, असं काहीतरी ते म्हणाले, आणि डब्यात काय आहे म्हणून विचारलं.

"तुमचं यंत्र जिचे निरोप वाचतं ना, सर, ती," बिजली म्हणाली. "घरी नेतेय. तुम्ही वाचता, आम्ही सांभाळतो."

साहेबांनी डब्याकडं पाहिलं. मग गाडीत बसले आणि काच वर केली.

चार दिवसांनी भाभीला घरी सोडलं, तेव्हा मोरखडीच्या अंगणात उगवतीच्या कोपऱ्यात दिलवरनं खड्डा काढला. ऊन चढलं होतं. हुनाबायनं डब्यात मिठात राखलेली वार निजवली, वर पळसाची पानं ठेवली, माती लोटली. ती दाबायचा मान आत्याचा. जेमा वाटेत बाजारातून पांढऱ्या तेलरंगाचा डबा घेऊन आली होती. तो तिनं ओट्यावर आपटून ठेवला. पुढच्या बाजाराला तिसऱ्या एका पाड्याची बाई उतरणार होती, दिवा लाल, खाट नाही. सुंभ काढून फळ्या ठोकायच्या, पायांना पांढरा रंग द्यायचा आणि वर नंबर घालायचा, असं दोघींचं येतानाच ठरलं होतं. पुन्हा नवी शिकवण देतील. देऊ देत. पाड्यांवर खाटा काही कमी नाहीत.

बिजलीनं चप्पल काढली आणि माती दाबायला लागली. एक टाच नाल्याशी थांबलेल्या झोळीसाठी. एक त्या गुणाकारासाठी. एक वर केलेल्या काचेसाठी. धूळ तिच्या गुडघ्यापर्यंत उडाली.

"हळू ग बिजले," हुनाबाय म्हणाली. "अशी दाबलीस तर पोरगी रागीट होईल."

ओट्यावर भाभीच्या मांडीत चिमणीएवढी पोर मुठी वळून निजली होती.

"होऊ दे," बिजली म्हणाली, आणि अजून एक टाच मारली.